पडद्याअलीकडचा गट

चि. छोटूस,
ताईचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की नुसतीच बाटली समोर मांडून ठेवतोस? माझी खुशाली विचारू नकोस; खुशाल असते तर रुग्णालयाच्या या विभागात आलेच नसते. इथे बरं करण्याचं कुणी नाव काढत नाही, फक्त दुखू देत नाहीत. ते काम मात्र चोख करतात. (औषधाचं माप मी स्वतः बघून घेते. वजनमापे निरीक्षक म्हणून जन्म गेला, सवय जात नाही.) माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती लिहूनच कळवते, कारण फोनवर असला विषय निघाला की नेमकी तुझी रेंज जाते.

इथे एक संशोधन चालू आहे. शेवटच्या दिवसांत माणसाजवळ कुणी नीट बसलं, त्याची हकिगत ऐकून घेतली, तर त्याला बरं वाटतं का, हे त्यांना शोधून काढायचं आहे. (याला विद्यापीठ लागतं. आपल्या आईने भाजी निवडता निवडता सांगितलं असतं.) त्यासाठी एक मुलगी येते. बारीक, टोकदार, कागदाला कागद जोडत बसणारी. मी मनातल्या मनात तिला टाचणी म्हणते. तिने संमतीपत्र वाचून दाखवलं, मी ते पुन्हा वाचलं, तिला घाम फुटेपर्यंत शंका विचारल्या आणि सही केली. मग बंद पाकिटातून चिठ्ठी निघाली. शेजारच्या खाटेवरच्या पोस्टमास्तरीणबाईंच्या वाट्याला गप्पा आल्या आणि मी गेले तुलना गटात. म्हणजे मला काही द्यायचं नाही, फक्त अधूनमधून कसं वाटतंय ते विचारायचं. एका पारड्यात त्या, दुसऱ्यात मी, लोखंडाचं वजन. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे; वजनाशिवाय तोल कळत नाही, हे मी दुकानदारांना जन्मभर बजावलं. पण टाचणी जाता जाता माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गटालाही हेच मिळणार आहे, तीन महिन्यांनी."

मी म्हटलं, मुली, माझी फाइल एकदा उघडून बघ. तिने उघडली, वाचली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. धडधाकट माणसांवरच्या कुठल्याशा अभ्यासातला नियम जसाच्या तसा उचलला होता, आणि त्यावर भल्याभल्यांच्या सह्या होत्या. आम्ही इथे कशासाठी आलो आहोत, एवढं एक सोडून त्यांनी सगळ्याचा विचार केला होता.

आता, दोन खाटांमध्ये आहे एक पडदा. त्याला दिसणं अडवता येतं, ऐकू येणं नाही. पोस्टमास्तरीणबाई तिकडे सांगत होत्या की यजमानांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. (मला त्यांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की याच यजमानांनी भांडणात रेडिओ खिडकीतून फेकला.) मी फक्त खोकले. पण मग टाचणीने विचारलं, कुणाला काही सांगायचं राहून गेलंय का? बाई म्हणाल्या, नाही बाई, माझं सगळं बोलून झालंय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं राहिलंय."

पलीकडचं पेन थांबलं. टाचणी हळूच म्हणाली, "आजी, तुमचं उत्तर मला घेता येत नाही. तुलना बिघडेल."

"मग माझा अर्धा वेळ त्यांना द्या ना," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "मी तरी काय, तेच तेच दळतेय."

तेही नियमात बसेना. मी नीतिसमितीकडे तक्रार केली. मंडळी आली, खुर्च्या कमी पडल्या, अध्यक्ष माझ्या पायाशी खाटेवर टेकले आणि म्हणाले, अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मी म्हटलं, बाहेर तर मी पडणारच आहे, प्रश्न तोपर्यंतचा आहे. शेवटी ठरलं असं, की पुढच्या अभ्यासापासून इथे कुणालाही असं थांबवून ठेवायचं नाही. आणि चालू अभ्यासापुरते मला कानात घालायला कापसाचे बोळे देण्यात आले.

गुडघ्याची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. बोळे मी उशीखाली ठेवले आहेत. टाचणीला ते दिसले; तिने वरून चादर नीट केली. हल्ली प्रश्नही जरा मोठ्याने विचारते.

ता. क. शनिवारी येशील तेव्हा फळं आणू नकोस. दर वेळी तू ती ठेवतोस, पंख्याकडे बघतोस, आणि मी तोंड उघडलं की म्हणतोस, ताई, आधी बरी हो, मग बोलू सावकाश. म्हणजे तूही मला त्याच रांगेत बसवलंस, आणि तुला तर चिठ्ठीही काढावी लागली नाही. या शनिवारी खुर्ची जवळ ओढ आणि मला टाचणीचा तो प्रश्न विचार. बाकीचं मी बघते. उत्तर तुझ्याविषयीच आहे. घाबरू नकोस, चांगलं आहे. (बरंचसं.)