डावीकडचे पक्षी

प्रिय जयदेव,

तुझ्या बैठकीच्या खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर जे कबुतर बसते, त्याची एक खोड तुझ्या नक्की लक्षात आली असेल. तू हाकलायला गेलास की ते लगेच उडत नाही. आधी मान वाकडी करते आणि एकाच डोळ्याने तुला न्याहाळते. तुझी लेक राजसी त्याला 'संशयी काका' म्हणते, ते मला फार आवडले. पण तुला कधी प्रश्न पडला का, की दोन चांगले डोळे असताना ते एकाच डोळ्याने का पाहते? आपण कोणाकडे नीट पाहायचे म्हणजे तोंड त्याच्याकडे वळवतो. कबुतर नेमके उलट करते. ह्या प्रश्नाचे उत्तर मी सावकाश देणार आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवते, की ह्या पत्रात एक वाईट बातमी आहे, माझ्या उजव्या डोळ्याची; आणि एक भीती आहे, जी त्या बातमीपेक्षा मोठी आहे. फोनवर सांगून पाहणार होते. पण फोनवर तू "ताई, लेक्चर नको, मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि हा मुद्दा लेक्चरावाचून कळणारा नाही. तेव्हा रविवारचा चहा घेऊन बस आणि आपल्या निवृत्त प्राध्यापिका बहिणीचा एक तास सहन कर.

कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. डोक्यामागची एक चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. प्रत्येक डोळ्याला आपापली बाजू सांभाळायची असते, आणि दूरचे नीट दिसते तेही बाजूलाच. म्हणून तुला निरखायचे तर त्याला मान वळवून एक डोळा तुझ्यावर रोखावा लागतो. आपले डोळे समोर असतात. उजव्याला जे दिसते त्यातले बहुतेक डाव्यालाही दिसते, म्हणजे समोरच्या जगावर आपली दुहेरी नजर असते. ह्याचा फायदा मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला: अंतराचा अंदाज येतो, सुईत दोरा ओवता येतो. ह्याचा तोटा मात्र मी कधी शिकवला नाही, कारण तो मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊकच नव्हता. कबुतराचा एक डोळा अधू झाला तर अर्धे जग जाते आणि त्याला ते त्या क्षणी कळते. आपला एक डोळा कोपऱ्याकोपऱ्याने विझू लागला तर दुसरा मुकाट्याने त्याचे काम करतो. आपल्याला काहीच कळत नाही.

फाल्गुन लागला की मी नूतनबरोबर खाडीकाठच्या अभयारण्यात जाते, हे तुला माहीत आहे. नूतन माझी जुनी विद्यार्थिनी. उल्हासनगरच्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसून शंका विचारायची, आता बदलापुरात शिरगावला राहते आणि स्वतःची गाडी घेऊन मला मांजर्लीहून उचलते. ह्या दिवसांत खाडीवर जे चालते ते एकदा तरी राजसीला दाखव. हिवाळ्यात पाहुणे आलेले तुतारी आणि चिखल्या हे लहानसे पाणपक्षी उत्तरेला परत निघायच्या तयारीत असतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसून ते दिवसभर खातात, कारण पुढे हजारो मैल उडायचे असते. राखाडी पिसांवर हळूहळू विटकरी रंग चढू लागतो, जणू प्रवासाचे कपडे. मागे कांदळवनाची हिरवी भिंत, मध्ये रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, आणि सगळ्यांत पुढे ही बारक्यांची लगबग. भरती चढू लागली की पाणी त्यांना आपल्याकडे ढकलत आणते आणि मोजणी करायची ती तेव्हाच.

मोजण्याची आमची रीत साधी आहे. तिपाईवर मोठी एकनळी दुर्बीण लावायची, एक डोळा तिला लावायचा, दुसरा मिटायचा. दुर्बिणीच्या गोलात जेवढे पक्षी मावतात तेवढे मोजायचे, मग गोल उजवीकडे सरकवायचा, पुन्हा मोजायचे. असे करत थव्याचे टोक गाठायचे. एकाच थव्याची मोजणी दोघींनी वेगवेगळी करायची आणि आकडे ताडून पाहायचे. मी नेहमी उजवा डोळा लावते. गेल्या वर्षापासून माझा आकडा नूतनच्या आकड्यापेक्षा कमी येऊ लागला. पहिल्यांदा मी तिला वेंधळी ठरवले. ती हसून म्हणाली, "मॅडम, कॉलेजात मला मार्क कमी दिलेत, आता पक्ष्यांनाही देताय होय?" मी तिच्यावर डाफरले, परत मोजायला लावले. परत तिचाच आकडा जास्त. चूक कधी कमी तर कधी जास्त अशी हेलकावे खात असती तर मी ती सोडून दिली असती. पण जी चूक सदैव एकाच दिशेला जाते तिच्यामागे काहीतरी कारण दडलेले असते, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवत आले. तरीही वर्षभर मी ते कारण शोधले नाही. थकवा, धुके, काचेवरची ओल अशी नावे देत राहिले.

मग ह्या फाल्गुनातली ती सकाळ. दुर्बिणीच्या गोलात दाट थवा होता, आणि एकाएकी सगळा उठला. एका झटक्यात चिखल रिकामा. मी डोळा न काढताच विचारले, "काय गं, कशाला उडाले?" नूतनने दुर्बिणीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मॅडम, भोवत्या नाही का आला? डावीकडून आला, तुमच्या समोरच झडप घातली, एकाला उचलून घेऊन गेला." भोवत्या म्हणजे पाणथळीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, घारीएवढा. तो माझ्या दुर्बिणीच्या गोलातून गेला होता आणि मला तो दिसला नव्हता. त्या शेकडो इवल्या पक्ष्यांना दिसला, आणि मोठी दुर्बीण लावून बसलेल्या मला दिसला नाही.

थोड्या वेळाने थवा परत उतरला. मी काय केले ते तुला नीट सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. दुर्बीण एका जागी घट्ट आवळली. उजव्या डोळ्याने पाहिले: उजवीकडे आणि मध्ये पक्षी, डावीकडे ओला, चकाकता, मोकळा चिखल. दुर्बिणीला हात न लावता डावा डोळा लावला. डावीकडे पक्षी होते, जयदेव! दाटीवाटीने, एकमेकांना ढकलत, चोची मारत होते. पुन्हा उजवा डोळा: चिखल. पुन्हा डावा: पक्षी. दुर्बीण हलली नव्हती, थवा हलला नव्हता. मला काळा डाग दिसला असता तर मी इतकी घाबरले नसते. डोळ्याने जो कोपरा गमावला होता तिथे माझ्या मेंदूने आजूबाजूचा चिखल घेऊन, सफाईने, ठिगळ लावून ठेवले होते. मी दुर्बिणीपासून मागे सरले. नूतनने मला बांधावर बसवले, पाणी दिले, आणि गाडीत बदलापूर येईपर्यंत एकही विनोद केला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर घरात मी वेड्यासारखी एक डोळा झाकून फिरत असे. भिंत असे तिथे भिंतच दिसे, पडदा असे तिथे पडदा. गॅसच्या शेगडीसमोर उभी राहून मनात येई, की आत्ता ह्या ज्योतीच्या शेजारी खरोखर काही नाही, की आहे आणि मेंदू मला नाही म्हणून सांगतो आहे? आमच्या मांजर्लीत पावसाळ्यात सगळे गच्चीवरून उल्हास नदीकडे बघत उभे असतात, आणि पाणी शिरते ते मागच्या गटारातून, पार्किंगमध्ये, कोणाच्याही पाठीमागून. पायाला गार लागते तेव्हा कळते. ही भीती तशीच आहे. पाहत असलेल्या दिशेची भीती मला कधीच वाटली नव्हती.

उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला, मग एका पांढऱ्या घुमटात डोके ठेवायला लावून हातात बटण दिले: समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचे, कडेला कुठे दिवा लुकलुकला की दाबायचे. मध्येच मी म्हटले, "तुमचे यंत्र बंद पडले वाटते." त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "नहीं मॅडम, चालू है. लाइट आ रही है." ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही. काला मोतिया, त्या म्हणाल्या, आपल्याकडचा काचबिंदू. डोळ्याच्या मागची नस हळूहळू सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेले परत येत नाही. उरलेले मात्र औषधाच्या थेंबांनी बहुतेकदा राखता येते. माझे पुष्कळ उरले आहे. तेव्हा माझ्यासाठी रडू नकोस; मी आता डाव्या डोळ्याने मोजते आणि नूतनचा आणि माझा आकडा जवळजवळ जुळतो. ती म्हणते, "अखेर मॅडमनी मला पास केले." जाता जाता डॉक्टरीणबाईंनी विचारले, "फॅमिली में किसी को था?" मी नाही म्हणणार होते. कोणाचे कधी निदान झालेच नव्हते. आणि तोंड उघडताना मला अप्पांचे ताट आठवले.

तू तेव्हा लहान होतास. आई ताट वाढायची तिच्या कडक शिस्तीने: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. शेवटच्या काही वर्षांत अप्पांच्या ताटात डावीकडची चटणी तशीच राहू लागली. लसणीची, त्यांच्या जिवाची. आई म्हणायची, "ह्यांनी पित्तामुळे चटणी सोडली वाटते." आपणही तेच धरून चाललो. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा आणि ते चौकटीलाच शिव्या घालायचे. आपण हसायचो, तेही हसायचे. मग नजर गेली तेव्हा सगळे म्हणाले, वय झाले, मोतीबिंदू असेल, आता ह्या वयात कशाला कापाकापी. मला आज वाटते की अप्पांनी चटणी सोडली नव्हती. दोन्ही डोळ्यांचा तोच कोपरा विझला असेल, एकाचे काम सांभाळायला दुसराही उरला नसेल; त्यांना तिथे ताटाचे रिकामे, स्वच्छ स्टील दिसत होते. मी हे सगळे डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि दुसरा प्रश्न विचारला: "भाई-बहन?" मी म्हटले, एक भाई है, अंबरनाथ में. "तो उसको कब ला रहे हो?"

आता मुद्दा, जयदेव. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तू जेवायला आलास. तू सांगत होतास, की शिवमंदिराच्या वळणावर एक रिक्षा 'कुठून आली कळलंच नाही', गाडीचा डावा आरसा गेला, आणि राजसी डाव्या सीटवर होती पण तिला खरचटलेसुद्धा नाही. मी तेव्हा रिक्षावाल्यालाच दोष दिला. मग जेवता जेवता तू म्हणालास, "ताई, आज लसणीची चटणी नाही केलीस?" चटणी तुझ्या ताटात होती. डावीकडे, आईच्या शिस्तीने वाढलेली. मी बोटाने दाखवली, तू हसून म्हणालास, लक्षच नव्हते. असेलही. तू फोनवर होतास, आणि एका चटणीवरून काही सिद्ध होत नाही, हे तुला माझ्याइतके कोण सांगणार? पण त्या दिवसापासून सकाळी तू राजसीला शाळेत सोडायला निघतोस त्या वेळी मी फोन समोर ठेवून बसते. शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे तुझे नाव घातले आहे. खुलासा, सबब, थट्टा काही नको, फक्त ये. आणि हे पत्र वाचून झाल्यावर, लगेच, एवढे कर. राजसीला समोर खुर्चीवर बसव, हात लांब केला तर तिच्यापर्यंत पोचेल इतक्या अंतरावर. तू तुझा डावा डोळा तळव्याने झाक, तिला तिचा उजवा झाकू दे. तू तिच्या नाकाकडे बघत राहा, तिने तुझ्या नाकाकडे. नजर हलवायची नाही. मग तिने आपले बोट तुम्हा दोघांच्या बरोबर मध्ये, दूर बाजूला धरून, हळूहळू आत आणायचे: एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा वरून, एकदा खालून. दिसले की ज्याने त्याने 'आले' म्हणायचे. नंतर डोळे बदलून पुन्हा तसेच. चांगल्या डोळ्यांची माणसे साधारण एकाच वेळी 'आले' म्हणतात. तुम्ही दोघे एकदम म्हणालात तरी शनिवारी ये, कारण ही चाचणी ढोबळ आहे आणि ते यंत्र बारीक. पण एखाद्या बाजूने ती 'आले' म्हणाली, आणि तुला तिथे अजून नुसती भिंतच दिसत असली, तर गाडीची किल्ली तिच्या हातात दे आणि मला फोन कर. त्या फोनवर मी लेक्चर देणार नाही.

तुझीच,
वृंदाताई