गरम हवेचा दट्ट्या

हेल्गेलांडचा किनारा,
१६ सप्टेंबर १९७३

ती. मारितताईस ओडवारचा सा. न. वि. वि.

मासळीच्या शेडमधलं काम मी सोडलं. आईला इतक्यात सांगू नकोस. आस्लाऊग मावशीने एक जुनं छोटं विमान विकत घेतलंय, बेटाबेटांवर टपाल आणि आजारी माणसं न्यायला. पूर्वी ती उडायला शिकवायचीच. आता मला शिकवतेय.

मला वाटलं, बसायचं नि उडायचं. कसलं काय. अजून चाकं जमिनीवरून हललेली नाहीत. मावशी मला खुर्चीत बसवते, डोळ्यांवर तिची लोकरीची पट्टी बांधते नि म्हणते, पेट्रोल उजव्या टाकीवर घे, दिवे लाव, रेडिओ बंद कर. हात चुकला की शांतपणे सांगते, आत्ता आपण समुद्रात पडलो, पुन्हा चढ. इतका बुडालोय की कॉड मासेही आता ओळख दाखवतील.

परवा तर माझं हसंच झालं. एक दट्ट्या ओढला की इंजिनाला गरम हवा मिळते, आत बर्फ धरू नये म्हणून. मी म्हटलं, मावशे, सप्टेंबरात कसला बर्फ, पोरं अजून पाण्यात डुंबताहेत. ती वाद घालत नाही. धुक्यात इंजिन हळू चालू ठेवून मोजे विणत बसली. जरा वेळाने इंजिन खोकलं, थरथरलं. तिने दट्ट्या ओढला. ते आणखी खोकलं, मग खणखणीत बरं झालं. पेट्रोलची वाफ होताना आतली नळी गारठते आणि दमट हवेत तिथे बर्फ धरतो. नॉर्वेत जन्मलेल्याला बर्फ शिकवावा लागला, ताई.

उत्तर लवकर धाड. माया असू दे.

तुझा,
ओडवार


सेतेसदाल,
२५ सप्टेंबर

चि. ओडवार यास अनेक आशीर्वाद.

मी काही बोलले नाही, मावशीनेच आईला फोन केला. आई म्हणाली, ज्याला बुटाची नाडी बांधायला दम निघत नाही, त्याच्या हाती विमान देतेस? मावशीने तिला शब्द दिलाय, पोराने एकदा जरी घाई केली तर मीच त्याला बोटीत बसवून घरी पाठवीन. तेव्हा जपून. इथे शेळ्या तुझी वाट बघताहेत, मी मात्र नाही.

गळ्याला मफलर गुंडाळत जा. आठवण ठेव.

तुझी,
मारित


हेल्गेलांड,
१६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

मावशीबरोबर पुष्कळ उडून झालं, नि शनिवारी मी पहिल्यांदा एकटा उडणार होतो. अर्धं बेट थर्मासात कॉफी घेऊन धावपट्टीवर हजर. मी इंजिन चालू केलं, सगळं तपासत गेलो. गरम हवेचा दट्ट्या ओढला की इंजिनाचे फेरे थोडे उतरायला हवेत. ते उतरेनात. पुन्हा ओढला, तरी नाही. मन म्हणत होतं, चल रे, एक चक्कर तर मारायचीय, आज धुकंही नाही. पाय नुसते शिवशिवत होते. शेवटी इंजिन बंद केलं नि खाली उतरलो.

बोटवाला हाल्वार ओरडला की पोराला आईची आठवण आली. सगळे हसले. मावशीने झाकण उघडलं. दट्ट्याची तार आतून निसटली होती. मी हळूच विचारलं, माझी परीक्षा घ्यायला तूच काढलीस का? ती म्हणाली, माणसांची थट्टा करावी, विमानाची नाही. मग हाल्वारकडे वळून म्हणाली, तुझ्या बोटीत पाणी शिरतं तेव्हाही तू असाच हसतोस का? कॉफी पिऊन लोक घरी गेले.

रविवारी तार बसवली आणि मी उडालो. शेजारची खुर्ची रिकामी, तरी मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून दाखवत होतो. दोन फेऱ्या मारल्या, नीट उतरलो. बघायला कोणी नव्हतं, आणि मावशी धावपट्टीकडेच्या बाकावर तोंडावर टोपी ठेवून चक्क घोरत होती.

आईला बाकी काही सांगू नकोस. मी वर होतो तेव्हा मावशी झोपली होती, एवढंच सांग.

शेळ्यांना नमस्कार, तुम्हा दोघींवर जीव आहेच.

तुझा,
ओडवार