मिशरीखाली दाबलेलं दुखणं

प्रिय आये,

आज सायलीचा फोन आला, म्हणून लिहितोय. इतके दिवस मीच करायचो आणि ती कापायची. डायलिसिसला तुझ्या शेजारच्या बेडवर असायच्या ना, त्या काकूंची सायली. "पोरगी सोन्याची हाय, पन तुजं डोकं बग," असं तूच म्हणायचीस!

फोन उचलताच म्हणाली, "आई जेवत नाही रे. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं ना?"

हो आये, अगदी असंच.

तूही कोलंबीच्या कालवणाचं ताट तसंच सरकवायचीस. मी मशीनवाल्या दादावर ओरडलो होतो, "पाणी काढता की जीव काढता?" त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! डॉक्टरांनी समजावलं, "यांच्या अंगात दाह मंद धुमसत असतो. ताप दिसत नाही, पण भूक मरते, माणूस झिजतो. काही जुनं दुखतंय का? दात, हिरड्या?"

आणि तू तोंड घट्ट मिटून नुसती मान हलवलीस! का गं? तंबाखूची ती मिशरी लावली की ठणका कमी व्हायचा म्हणून? की डॉक्टर मिशरीच सोडायला लावतील म्हणून? हिरड्यांतला पू मला दिसला तेव्हा तू आयसीयूत होतीस. त्यानेच गेलीस असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण त्या आगीत तेही एक लाकूड होतं म्हणाले. एक तरी ओढून काढलं असतं ना आपण?

मी सायलीला विचारलं, "काकू मिशरी लावतात?"

"लावते. का?"

मागून काकू, "काय म्हनतो गो तो, कॉलेज सोडलेला डॉक्टर?"

एरवी मी फोन आपटला असता. आज सायलीला फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि म्हणालो, "काकू, आयनं तोंड उघडलं नाही. तुम्ही तरी उघडा."

काकूंनी सायलीच्या हातून फोन घेतला. मग काकू हळूच म्हणाल्या, "डावीकडं ठणकतंय रं. पोरीला सांगू नको."

फोन अजून स्पीकरवरच होता, आये! सायली रडायलाच लागली.

उद्या काकूंचं डायलिसिस नाही. किडनीच्या डॉक्टरांना विचारून त्यांना एसटी स्टँडजवळच्या दातांच्या दवाखान्यात नेतोय. तुला शब्द देतो, मिशरीवरून त्यांना टोचून बोलणार नाही, तिथे कुणाशी भांडणार नाही. आणि सायलीला 'माझ्याशी बोलणं का तोडलंस' असं विचारणार नाही. जीव नुसता तडफडतोय विचारायला, तरी नाही. काकू पोटभर जेवेपर्यंत तर नाहीच.

तुझाच तापट,
रोशन