पापणीचा केस

मंगळवार, संध्याकाळ. क्लेमेंटी.

लॅबमधला वेई आणि मी, दोघं अंटार्क्टिकातल्या माशांची वयं मोजतो. कानातल्या हाडावरचं एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष. एकमेकांना न विचारता मोजायचं, हा नियम. दोन माणसांच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच. वेईचा माझ्याशी कधीच पडत नाही! या वयांवरून किती मासे धरू द्यायचे ते ठरणार, आणि हा इथल्या इंग्रजीत हसून म्हणतो, "सेम लाह, गुड व्हॉट!" म्हणजे, सारखंच आलं, चांगलंच की!

मीच संशयी आहे का?

आज माझ्या मायक्रोस्कोपच्या काचेवर पापणीचा केस चिकटलेला सापडला. वाकडा, काळा. कालच्या माशाचं एक वर्ष म्हणून मी तो केसच मोजला होता. वेईचा आकडाही तोच.

पण केस माझ्या काचेवर होता. वेईचा मायक्रोस्कोप वेगळा आहे.