पेले मी घासते

आई,

तू असतीस तर आधी तुला माझी नोकरी समजावून सांगावी लागली असती. श्रीमंत देश गरीब देशांना मदत पाठवतात. ती पोचली का, आणि पोचली तर तिचा उपयोग झाला की उलट नुकसानच झालं, हे जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं. "म्हंजे दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं," असं तू म्हणाली असतीस, आणि ते खोटं नाही. दादरला आमचं ऑफिस आहे. निवृत्त होऊनही मी तिथे जाते, कारण घरात बसून मला करमत नाही. आज साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या अहवालाची चाळीस पानं कोण वाचणार? पैसे देणारे एकच विचारतायत, ही मदत चालू ठेवायची की बंद. सोमवारपर्यंत एक ओळ द्या ना." माणूस वाईट नाही, घाईत असतो एवढंच. पण ती एक ओळ मला काही सुचेना. घरी आले, चहा टाकला आणि तुला लिहायला बसले.

नायगावच्या आपल्या चाळीतली तळमजल्यावरची बालवाडी, जिथे तू कामाला होतीस, ती मला आजही खोलीच्या वासासकट आठवते. दुधाच्या पावडरीचा तो गोडूस, थोडा जुनाट वास. पोती परदेशातून यायची आणि त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, की हे विकायचं नाही. तू आधी मूठभर पावडर कोमट पाण्यात कालवून तिचा लगदा करतेस, मग साखर घालून तो पातेल्यात सोडतेस, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. मग जर्मनच्या पेल्यांची रांग लागते. हे पेलेसुद्धा दुधाबरोबर जर्मनीहूनच आलेत असं मी समजत होते, आणि वर्गातल्या पोरींना छातीठोकपणे सांगतही होते. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमलाच जर्मन म्हणतात, हे कळलं तेव्हा मी चांगली सातवीत होते. तू इतकी हसलीस की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या.

ते दूध लहान पोरांना बाधायचं. पोटं बिघडायची. पोत्यावर त्याचा काही इलाज लिहिलेला नव्हता. तू चार दिवस बघितलंस आणि पाचव्या दिवशी अर्ध्या दुधाला विरजण लावलंस. बारक्यांना ताक, थोरल्यांना दूध. पोटं बिघडायची थांबली. पुढे तपासणीला एक बाई आल्या, चांगल्या इस्त्रीच्या साडीतल्या. ताक बघून त्यांचा पारा चढला. "दूध वाटायचं असं लिहिलंय. ताक कुठून आलं?" तू पदराला हात पुसत म्हणालीस, "बाई, लिवणाऱ्यानं पोरं न्हाई बघितली. मी बघते रोज." त्यांनी वहीत काहीतरी शेरा मारला. ताक चालूच राहिलं. तुझा तो शांतपणा मला अजून जमत नाही. मी तावातावाने बोलते आणि मग घरी येऊन पस्तावते.

तावातावाने बोलायची सवय तशी तेव्हापासूनचीच. मी नववीत होते. चौदा एप्रिलच्या जयंतीची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता, 'परकीय मदत: शाप की वरदान'. आपल्याकडे स्पर्धेत प्रत्येक गोष्ट शाप तरी असते नाहीतर वरदान तरी, तिसरी जागाच नसते. मी शाप घेतला, कारण शापाला टाळ्या जास्त पडतात. मैदानात मांडव होता, तू पहिल्या सतरंजीवर बसली होतीस, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. मी ठणकावून सांगितलं, की भिकेच्या दुधावर वाढलेला देश ताठ उभा राहत नाही. आणि मग हात उंचावून म्हणाले, "आमच्या बालवाडीतली लेकरंसुद्धा स्वाभिमानी आहेत. ती हे दूध गटारात ओततात." काय टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला आणि बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला.

घरी आल्यावर तू तो पेला धुतलास, पुसलास, फळीवर पालथा ठेवलास. माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "भाषण झ्याक झालं. पण पेले मी घासते." एवढंच. मग भाकरी थापायला बसलीस. मी विचारलं, "म्हणजे?" तू म्हणालीस, "जेव आता." मला तू कधी मारलं नाहीस, पण ते एक वाक्य अजून लागतं.

वर्षा-दीड वर्षात ते दूध बंद झालं. माझ्या भाषणाने नव्हे, माझं कोण ऐकतंय. पण बंद झालं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. बालवाडीत मुठीमुठीने चुरमुरे वाटू लागले, आणि पातेलं तुझ्या हातून गेलं. ज्यांनी ते बंद केलं त्यांनीही कुठेतरी असंच एका ओळीत लिहून दिलं असेल.

दोन महिन्यांपूर्वी मी याच अहवालासाठी आफ्रिकेत गेले होते, डोंगरातल्या एका शाळेत. तिथे पोरांना दुपारी परदेशी पिठाची खीर मिळते. तयार पीठ, पाण्यात ढवळायचं, झालं. मी कुठेही गेले की आधी हेडमास्तरांच्या खोलीत बसत नाही, भांडी घासतात तिथे जाते. तो तुझा धडा. तिथे एक म्हातारी ताटल्या घासत होती, अगदी तुझ्यासारखी उकिडवी बसून. मी तिच्या शेजारी बसले. ताटल्या लख्ख चाटलेल्या. म्हणजे पोरं खात होती, मनापासून. पण तिच्याच घरी गेले तर कोपऱ्यात भुईमुगाची पोती छतापर्यंत. आधी शाळा तिथल्या बायकांकडून शेंगा घ्यायची आणि ही म्हातारी त्या भाजून, कुटून पेज शिजवायची. पीठ आलं आणि शेंगा पडून राहिल्या. मी दुभाष्याकडून विचारलं, "मग हे बंद करावं का?" ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली. म्हणाली, "उद्या बंद केलंत तर उद्या पोरं काय खातील? बंद नका करू. पण पोतं भरायच्या आधी विचारा तरी, इथं काय पिकलंय." आई, मला तुझं ताक आठवलं, आणि मी डोळे पुसले ते धुराने असं सांगितलं.

आणि तरी परत येऊन मी काय लिहिलं, माहीत आहे? कच्च्या मसुद्यात पहिल्याच पानावर लिहिलं, 'मुलांना हे अन्न नको आहे.' परिषदेत वाचलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. गेला आठवडाभर ते वाक्य तिथेच होतं. साठी उलटली तरी माझा शाप काही सुटत नाही. आणि या वेळी ऐकणारे आहेत. ते वाक्य तसंच पुढे गेलं, तर त्या शाळेतली चूल सोमवारनंतर केव्हाही विझेल.

आज साहेब गेल्यावर मी ते खोडलं. एक ओळ हवी आहे ना, तर ही घ्या: 'बंद करू नका, आधी तिथल्या शेंगा घ्या, आणि पोत्यात काय भरायचं ते भांडी घासणारीला विचारा.' साहेब म्हणतील, मॅडम, ह्या तीन ओळी झाल्या. म्हणोत.

हे पत्र कुठे टाकणार? नायगावची आपली चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहतोय, आपल्या खोलीचा नंबरसुद्धा उरला नाही. घडी करून बक्षिसाच्या त्या पेल्यात ठेवते. तू शेवटपर्यंत त्यातूनच पाणी प्यायचीस, आणि ते बघून दर वेळी मी नजर चुकवायचे.

'म्हणजे?' असं मी तुला विचारलं होतं ना त्या रात्री, ते उगाच. मला तेव्हाच कळलं होतं. गटारात कुणीच दूध ओतत नव्हतं. मला तर लहानपणी ते इतकं आवडायचं, की तळाशी राहिलेला साखरेचा थर मी बोटाने चाटून खायचे. सगळ्या बालवाडीत माझ्या एकटीचा पेला तुला घासावा लागत नव्हता.