कंपनीचा टेप

रविवार, दिवाळी आटोपल्यानंतरचा

आप्पा,

बरेच महिने तुम्हाला काही लिहिलं नाही, राग मानू नका. वहीत रोजचं टिपण चालू होतं, पण तुमच्यासाठी पान उघडलं की हात थांबायचा. सांगण्यासारखं जे होतं ते सगळं आईच्या काळजीचं होतं. तुम्ही असता तर ऐकून घेतलं असतंत आणि मग विचारलं असतंत, "बरं, त्यावर तू काय केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, म्हणून बसले.

तुमची गाडी अजून आहे. बॉनेटवरचा रंग उडालाय, मागची डावी काच वर करताना हाताचा आधार द्यावा लागतो, पण चालते. मी तिच्यातूनच रोज कागलला एमआयडीसीत जाते. कंपनीतले लोक दर वर्षी विचारतात, मॅडम, गाडी कधी बदलताय, आणि मी दर वर्षी बघू म्हणते. रविवारी गारगोटीला मावशीकडे जायचा आपला रिवाजही मी चालू ठेवला होता, आणि त्यातली तुमची वाटणीसुद्धा. चालवणाऱ्यानं टेपला हात लावायचा नाही. टेप आईचा. त्यात कॅसेट कधीच नव्हती, सीडी आणि रेडिओच होता, पण आपल्या घरात तो पहिल्या दिवसापासून टेपच. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून तुम्ही कितीही वैतागला असाल तरी गाणं बदलायचं ते आईनं, आवाज कमी करायचा तोही आईनं.

दोन वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, आहे ते टिकवायचं. ती रडली नाही, पण घरातली एकेक गोष्ट सोडत गेली. आधी पेपर, मग टीव्ही, मग फोन लावणं. गाडीत मात्र तिचा हात थेट टेपच्या गोल बटणावर जायचा. त्याखाली स्टेशनची बटणं, कडेला सीडी बाहेर काढायचं लांबट बटण. बघायची गरजच नव्हती. गाडीतली ती वेगळीच बाई असायची, हुकूम सोडणारी.

यंदाच्या उन्हाळ्यात तिनं गारगोटीला यायचंच बंद केलं. "तू जा. त्या टेपच्या खरखरीनं माझं डोकं धरतंय." मला ते निमित्त वाटलं. वाटलं, पेपर सुटला, टीव्ही सुटला, आता घराचा उंबरा ओलांडणंही सुटणार. मावशी फोनवर म्हणायची, "अगं, उचलून गाडीत घाल की तिला." पण तिला उचलून कुठे घालता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दर रविवारी मी एकटीच जायचे, मावशीनं दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन परत यायचे, आणि आई खिडकीपाशी खुर्चीत तशीच बसलेली असायची. मला भीती त्या खुर्चीची वाटत होती.

मग एकदा मी तिच्या म्हणण्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कामावरून येताना गाडी बाजूला लावून तिच्या सीटवर बसून टेप ऐकला. खरखर खरीच होती, भयानक. उजव्या बाजूच्या स्पीकरमधून तर काहीच येत नव्हतं, पण ते जुनंच. उजवे स्पीकर गेलेत हे मी धरूनच चालले होते. कंपनीत दुसऱ्यांनी घेतलेलं प्रत्येक माप मी पुन्हा तपासते आणि आईचं साधं गाऱ्हाणं तपासायला मला चार महिने लागले. यावर मी दोन पानं लिहिली होती, ती तुम्हाला वाचून दाखवत नाही.

दुकानात गेले तर जो तो म्हणाला, स्क्रीन बसवा. मोबाईलसारखी मोठी स्क्रीन, बोट लावलं की गाणं, मागचा कॅमेरासुद्धा. गुळगुळीत काच. आईच्या बोटांना त्यावर काय सापडणार? टेप हाच ठेवायचा आणि आवाज सुधारायचा, असं म्हटलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. मीही स्वतःला विचारलं, हे खरंच आईसाठी आहे की त्या बटणावरची पांढरी रेघ आईच्या बोटांनी झिजलेली आहे म्हणून मला तो फेकवत नाही? प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही.

शेवटी उद्यमनगरातला एकजण तयार झाला. गणपतीत मंडळांना साउंड लावून देणारा, बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं.

"ताई, गाडीसंगट आलेला ह्यो कंपनीचा टेप म्हंजे डबडं हाय. काढून टाका की."

"तोच ठेवायचाय. आई बटणं चाचपून चालवते, तिला दिसत नाही."

त्यानं गोल बटण एकदा फिरवून बघितलं. "मग ऱ्हाऊ दे. त्याला हात न्हाय लावत. सीटखाली बारका अ‍ॅम्प्लिफायर बसवू. टेपच्या स्पीकरच्या वायरी हाईत न्हवं, त्यातनंच त्याला आवाज द्यायचा. चारी दारांत नवे स्पीकर. वरनं बघणाऱ्याला काय बदललंय कळणार बी न्हाय. आणि डिकीत एक बॉक्स टाकू, बॅसचा. काचा हालतील."

"काचा हलायला नकोत. डिकीत तांदूळ असतो."

"तांदूळ?" त्यानं तोंड वाकडं केलं. "ताई, भजनंच ऐकायची असली तर मोबाईल बास की."

"भजनंच ऐकायचीत," मी म्हणाले. तो हसला आणि कामाला लागला.

त्यानं आधी पुढची दोन्ही दारं उघडली आणि मला हाक मारली. डाव्या दारातल्या स्पीकरचा कागद कडेनं सुटून लोंबत होता. उजव्यातला नव्यासारखा, नुसती धूळ. तो म्हणाला, डाव्या दारात पाणी शिरलं असेल. मग त्याला शंका आली म्हणून त्यानं टेपचं बटण दाबून धरलं, एकेक सेटिंग पुढे नेत गेला आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "उजवे स्पीकर गेल्यात म्हनून कुणी सांगितलं तुमास्नी? कुनीतरी बॅलन्स डावीकडं फिरवून ठेवलाय. पार टोकाला. सगळी वर्षं डाव्यानंच गाडा ओढलाय, ताई."

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळे आलं असं दाखवलं. मला वाटलं, तुम्ही. तुम्ही आईच्या बाजूला सगळा आवाज देऊन स्वतः न ऐकता गाडी चालवलीत, आणि कधी बोलला नाहीत. घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते. मी कधी कुणासाठी एवढं केलंय का, हेही विचारून झालं.

आई चहा गाळत होती. कप भरत आला की आवाज बदलतो, त्यावरून ती बरोबर थांबते. मी तिला सगळं सांगितलं, जरा सजवूनच. तिनं कप पुढे सरकवला.

"प्रेमबीम काय न्हाय. त्यास्नी इंजिन ऐकायचं असायचं. पयल्याच दिवशी म्हनले, तुझा टेप तुझ्याकडं ठेव, माझ्या कानात नको, गाडी काय म्हनत्या ते कळंना झालंय मला. आणि फिरवला."

"मग बॅटरी बदलली की ते सेटिंग जात असेल ना? इतकी वर्षं राहिलं कसं?"

"मीच फिरवत्ये की. तू बॅटरी बदलून आणलीस की दुसऱ्या दिवशी."

"मला सांगायचंस ना. मी समजत होते उजवे स्पीकर बिघडलेत."

"तू इचारलंस कवा?"

मला हसू आलं, आणि थोडं लागलंही. तेवढ्यात तुमच्या साखर कारखान्यातला तो दिवस आठवला. मी सातवीत असेन. टर्बाइनजवळ इतका आवाज होता की तुम्ही खुणांनी बोलत होता. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलंत, मूठ माझ्या कानाला लावलीत, आणि त्या सगळ्या गदारोळातून एक बारीक, सरळ सूर एकटा ऐकू आला. मी मान हलवली. मग तुम्ही मूठ स्वतःच्या कानाला लावलीत आणि डोळे मिटलेत. देवघरातसुद्धा तुम्ही डोळे असे मिटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा आई म्हणते ते खरं असणार. तरी एक प्रश्न मी सोडत नाही: आवाज बंद करायलाही सांगता आला असता, तुम्ही तो तिच्याकडे सरकवलात. आईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "बंद कर म्हनले असते तर गाडीत बसले असते व्हय मी?" म्हणजे याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं.

काम झाल्यावर साउंडवाल्यानं आवाज अगदी नीट जुळवला होता, पण सगळा माझ्या जागेवरून. गाडी कुणाचीही असो, तो चालकाच्या सीटवर बसूनच जुळवतो. म्हणाला, पैसे देनारा तिथंच बसतोय की. आज सकाळी आईला मी एवढंच म्हटलं की मावशीला फराळ पोचवायचाय आणि डबा धरायला कुणीतरी हवं. ती कुरकुरत खाली आली. बसली. तिचा हात टेपवर गेला. बटणाच्या कडा बोटांनी पाहिल्या, सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि चालू केलं. गाणं लागलं, आणि तिनं कान दाराकडे केला. कळंब्यापर्यंत ती तशीच ऐकत होती. मी दोनदा तिच्या तोंडाकडे बघितलं, दोन्ही वेळा मला काही कळलं नाही. मग म्हणाली, "पेटीवाला श्वास घेतोय ते बी ऐकू येतंय." आणि लगेच, "पर आवाज तुझ्याकडनं येतोय." तिनं बटण दाबून धरलं, खटके मोजत पुढे नेलं आणि सगळं आपल्या दारात ओढून घेतलं. पुढच्या ट्रॅक्टरवर कसलंतरी दणदणत होतं, तर म्हणाली, "काच वर घे. त्येचा टेप नको आपल्यात."

मावशीकडे तिनं दोनदा चहा घेतला आणि डोळ्यांचा विषय एकदाही काढला नाही. निघताना "फुडच्या रविवारी भाकरी मी थापीन" असं स्वतःहून म्हणाली. मावशीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

परतताना तिचा डोळा लागला. आता तुम्हाला कबूल करते, आप्पा, मला मोह झाला. मुदाळ तिट्टा ओलांडल्यावर मी नियम मोडला, टेपला हात लावला आणि आवाज मधोमध आणला. फार सुंदर होता. इतका खटाटोप मी केला आणि माझ्या वाट्याला नुसता घरघराट, हे मला सकाळपासून थोडं टोचत होतं.

"ऐकून झालं न्हवं?" आई डोळे न उघडता म्हणाली. "आता ठेव जाग्यावर."

मी ठेवला. मग माझ्या बाजूला इंजिनच उरलं, आणि गिअर बदलताना पहिल्यांदाच एक बारीक चिरचिर ऐकू आली, पट्टा घसरल्यासारखी. ती आजची नसावी.

हे पान वहीतच राहील, पाठवायला तुमचा पत्ता नाही. आई आतून हाक मारतेय, मावशीला फोन लावून दे.

उद्या: कामावर जाण्याआधी फॅनबेल्ट दाखवणे.