बिस्किटबाईंचं जेवण आणि आईंचं तिकीट

टाकानिनी, ऑकलंड
(तुमच्याकडे आषाढ, आमच्याकडे थंडीने दातखिळी)

सौ. अनुयावहिनींना धाकट्या जावेचा, मधुवंतीचा नमस्कार.

तुम्ही, दादा आणि मुलं खुशाल असाल. दादांच्या गुडघ्याला नवं तेल मानवलं की जुनंच बरं होतं, ते कळवा. आम्ही सगळे मजेत आहोत. हातात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसलीये, असं तुमच्या मनात आलं असेल. पण वहिनी, आपले फोन आई स्पीकरवर ऐकतात आणि घरच्या ग्रुपवर काही पडलं की सगळ्यात आधी त्याच वाचतात. नितीशच्या ऑफिसातला शुभम (कोथरूडचा, फार भिडस्त मुलगा) पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे पाठवते.

सांगायचं म्हणजे आमच्याकडे एक माणूस वाढलंय. माणूस म्हणजे सरडा. अस्मिताला वाढदिवसाला खरं तर अजगर हवा होता. तिच्या वर्गातली एक मुलगी ऑस्ट्रेलियात जाऊन गळ्यात अजगर घालून फोटो काढून आली, तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. सुदैवाने या देशात साप पाळायला बंदी आहे. (सरकारी नियम वाचून मला भरून आलं, असं आयुष्यात एकदाच झालंय.) पण दुकानातल्या माणसाने अस्मिताचा पडलेला चेहरा पाहिला आणि म्हणाला, साप नाही तर नाही, दाढीवाला ड्रॅगन आहे की. हनुवटीखाली काट्यांची दाढी, शेपटीसकट हातभर लांब, रंग चहाच्या बिस्किटाचा. म्हणून नाव बिस्किट. मादी आहे. दाढी असूनही.

आई पुण्याहून आल्या, सामान खाली ठेवलं आणि काचेच्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पैसे देऊन पाल आणलीत?" अस्मिता लगेच, "आजी, शी इज नॉट अ पाल! शी इज अ ड्रॅगन!" आई म्हणाल्या, "असेल बाई. पण पाल फुकट तरी येते."

आता हिचं खाणं ऐका. थोडी पालेभाजी, आणि जिवंत टोळ. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तिथे गराजमध्ये टोळांचा डबा आला. त्या टोळांना खायला रोज गाजर द्यावं लागतं, म्हणजे जेवणालाच आधी जेवण घालायचं. एवढं करूनही थंडी पडली आणि बिस्किटने तोंड मिटलं ते मिटलंच. आम्ही मोटरवेवरच्या गर्दीतून अंधार पडल्यावर घरी येतो. अंगातली जॅकेटं न काढता तिघंही पेटीसमोर हजर. नितीशने पेटीतल्या गरम दिव्याला फोनवर चालणारा टायमर लावलाय. बाहेरचा सूर्य मावळला की पेटीतलाही मावळतो, अगदी निसर्गासारखा (याचं त्याला फार कौतुक). मग तो चिमट्यात टोळ धरून तिच्या नाकासमोर हलवायचा आणि "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" सुरू. आई सोफ्यावरून म्हणाल्या, "अरे, तिला काऊ नको म्हणूस. काऊ तिलाच खाईल."

शेवटी डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "किया ओरा" (इथला नमस्कार) आधी बिस्किटला म्हणाल्या, मग आम्हाला. प्रकृती उत्तम आहे, थंडीत यांची भूक मंदावते, ऊब द्या, पण आता काहीतरी पोटात जायला हवं, बाकी ऑल गुड. (इथे घराचं छप्पर उडालं तरी ऑल गुड.) अस्मिता परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती. एकदाच विचारलं, "आई, ती मरणार का?" वहिनी, ही मुलगी आमचं मराठी ऐकून घेते आणि उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी तिने आपणहून मराठीत विचारलं.

त्याच आठवड्यात आईंनी सत्यनारायण घातला. रविवार दुपार, पलीकडच्या फ्लॅट बुश भागातली चार मराठी कुटुंबं, गुरुजी पुण्याहून टॅबवर. तिसऱ्या अध्यायात गराजचं दार कोणीतरी उघडलं. टोळांच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं (नितीश म्हणतो मी, मी म्हणते नितीश). पहिला टोळ कलशावरच्या नारळावर येऊन बसला. दुसरा थेट प्रसादाच्या शिऱ्यात. बायका खुर्च्यांवर चढल्या, पुरुष चप्पल शोधायच्या मिषाने बाहेर पळाले. गुरुजींना पलीकडून फक्त पाय दिसत होते, ते सारखे म्हणत होते, "यजमान, उठू नका, अजून कथा आहे." एकट्या आई शांत. त्यांनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, शिऱ्यातला टोळ अलगद उचलला, "प्रसादातला आहे, टाकायचा कुठे?" असं म्हणत पेटीत धरला. आणि बिस्किटने जीभ काढून गट्ट केला! मग नारळावरचाही. अस्मिताने असा आरडाओरडा केला की गुरुजींना वाटलं आरती सुरू झाली, त्यांनी घंटा वाजवली.

तेव्हापासून बिस्किट फक्त आईंच्या हातचं खाते. आम्ही कामावरून येतो तोवर ती तृप्त होऊन डोळे मिटून पडलेली असते. आई जाहीर करतात, "बिस्किटबाई जेवल्या." आम्ही कौतुकाने एखादा टोळ पुढे करावा, तर ती ढुंकून बघत नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही उठायच्या आत यांचं उरकलेलं असतं. आई पायात जँडल्स (इथल्या रबरी चपला) घालून मागच्या अंगणात तिच्यासाठी कोवळी पानं खुडतात. टोळ भरवला की आंघोळ, त्यामुळे हल्ली दिवसातून दोन आंघोळी. दुपारची मालिका बिस्किटबाई आईंच्या खांद्यावर बसून बघतात. आमच्याकडे येणारे सगळे म्हणतात, आईंच्या हाताला गुण आहे.

बाकी सगळं छान. दादांना नमस्कार, मुलांच्या पाठीवर माझ्या वाटचीही एकेक थाप द्या.

तुमची धाकटी जाऊ,
मधुवंती

ता. क. : आईंचं परतीचं तिकीट गौरींच्या आधीचं आहे. गौरी तुमच्याकडे, आणि आईंशिवाय त्या उभ्या राहत नाहीत, हे मला कळतं. पण आई गेल्या तर बिस्किट उपाशी राहील, आणि अस्मिताच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. तिकीट दिवाळीनंतरचं करायला दादांना सांगाल का? व्हिसा तोवर आहे. तुम्ही सुचवलं तर आई ऐकतील. मी म्हटलं तर म्हणतील, सरड्यापायी मला ठेवून घेतेस.

ता. क. २ : पाकीट सापडत नाहीये आणि मला उशीर झालाय. पत्र घडी घालून टेबलावर ठेवते. शुभम दुपारी येऊन नेईल, आई घरी आहेतच.

ता. क. ३ : चि. सौ. अनुया, अनेक आशीर्वाद. घडी उघडली, माझंच नाव दिसलं, म्हणून वाचलं. बिस्किट कोणाच्याही हातचं खाते. दिवा चालू हवा आणि तिचं अंग शेकलेलं हवं, एवढंच. हे लोक दिवा गेल्यावर तिला जेवायला उठवतात. थंडीत झोपमोड केलेली कोणाला आवडते? मी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. सांगणारही होते. पण सगळे म्हणायला लागले, आईंच्या हाताला गुण आहे. चाळीस वर्षं दोन्ही मुलांना रांधून वाढलं, तेव्हा हे कोणी म्हणालं नव्हतं. म्हटलं, थोडे दिवस ऐकून घ्यावं. तिकीट दिवाळीनंतरचंच कर. गौरी तुला सुरेख येतात, मी नुसती खुर्चीत बसून चुका काढते. त्या फोनवरूनही काढता येतील, कॅमेरा मुखवट्यांसमोर धर. बिस्किटचं या दोघांना मी निघायच्या आदल्या दिवशी सांगेन, तोवर तू बोलू नकोस. शुभमला शपथ घातलीये. चहा होईपर्यंत त्याच्या हातात सांडशी दिली होती. पहिला टोळ डोळे गच्च मिटून भरवला, आता तिसरा मागतोय. थांबते, डबा त्याच्याकडून काढून घ्यायला हवा.